फोर्स फीडबॅक स्टिकवर ट्रिम कसं करायचं: नवशिक्यांसाठी

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये साध्या स्प्रिंगच्या जॉयस्टिकवर ट्रिम शिकायला बसलेला माणूस हमखास एकाच जागी अडकतो. वेग कमी केला, नाक खाली जायला लागलं, म्हणून स्टिक मागे ओढून धरली. ट्रिमचं बटण दाबलं, नाक वर आलं. स्टिक जरा सैल सोडली, तर नाक जास्तच खाली गेलं. पुन्हा बटण, पुन्हा सैल. हा झोपाळा पाच मिनिटं चालतो आणि शेवटी माणूस ऑटोपायलट लावून मोकळा होतो. मीही कितीतरी दिवस ट्रिमचं बटण म्हणजे 'नाक वर, नाक खाली' करायचं बटण असंच समजत होतो. तो समज चुकीचा आहे, पण स्प्रिंगची स्टिक हातात असेपर्यंत तो चुकीचा का आहे हे हाताला कळत नाही.

खऱ्या विमानात काय होतं ते आधी बघू. सेस्ना १७२ मध्ये पायलटच्या गुडघ्याजवळ ट्रिमचं चाक असतं. ते फिरवलं की एलेव्हेटरच्या, म्हणजे शेपटीवरच्या नाक वर-खाली करणाऱ्या फळीच्या, मागच्या कडेला असलेली एक छोटी पट्टी हलते. त्या पट्टीवर वारा आदळतो आणि तो अख्ख्या एलेव्हेटरला नव्या जागी ढकलून ठेवतो. एलेव्हेटर आणि योक (पायलटच्या हातातलं सुकाणू) तारांनी जोडलेले असल्यामुळे योकही त्याच्याबरोबर सरकतो. म्हणजे ट्रिम बदलतं ती योकची विसाव्याची जागा. हात सोडला तर योक कुठे जाऊन थांबेल, एवढंच ट्रिम ठरवतं.

स्प्रिंगच्या जॉयस्टिकची विसाव्याची जागा कारखान्यातच ठरलेली आहे: बरोबर मध्यभागी. त्यामुळे सिम्युलेटरला दुसरा मार्गच उरत नाही. तो ट्रिमचा आकडा स्टिकच्या आकड्यात मिळवतो आणि तुमच्याकडून अपेक्षा ठेवतो की जेवढं ट्रिम वाढेल तेवढीच स्टिक तुम्ही मध्याकडे परत आणाल, तीही त्याच गतीने. हे डोळ्यांनी अंदाज घेत करायचं काम आहे आणि ते जमायला वेळ लागतो.

फोर्स फीडबॅक स्टिकमध्ये खरी स्प्रिंग नसते किंवा असली तरी नावापुरती. हाताला जाणवणारा जोर मोटर तयार करते. विंडोजच्या डायरेक्टइनपुट पद्धतीत 'स्प्रिंग' हा एक परिणाम आहे. त्याचा कडकपणा किती आणि त्याचा मध्य कुठे हे सॉफ्टवेअर आकड्यांत सांगतं. मध्याचा आकडा −१०,००० ते +१०,००० यांमध्ये कुठेही ठेवता येतो. ट्रिमचं बटण दाबलं की हा मध्य सरकतो, आणि हातातली स्टिक खऱ्या योकसारखी नव्या जागी विसावू बघते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

कोणतं यंत्र

यावर फार वेळ घालवत नाही. मायक्रोसॉफ्टची साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो १९९७ मध्ये आली. तिच्यानंतरची यूएसबीवाली फोर्स फीडबॅक २ आजही जुन्या बाजारात मिळते आणि ट्रिम शिकायला ती पुरेशी आहे. लॉजिटेकने २००९ मध्ये जी९४० काढली होती. अलीकडच्या दमदार यंत्रांत ब्रुनर, व्हीपीफोर्स ऱ्हायनो आणि मोझा एबी९ ही नावं ऐकायला मिळतात. दमदार स्टिक घेतली असेल तर ती टेबलाला किंवा खुर्चीला घट्ट आवळा. जोर आला की स्टिक हलायच्या ऐवजी तिचा पायाच उचलला जातो, आणि मग ट्रिमचा अंदाज कसला येणार? टेबलावरचा चहाचा कपही जरा लांब ठेवा.

जोडणी

सिम्युलेटर उघडण्याआधी विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत जाऊन स्टिक सगळ्या दिशांना हलवून बघा. आकडे टोकापर्यंत जातात का आणि मध्यावर थरथरतात का, हे इथे दिसतं. इथे गडबड असेल तर पुढे जाऊन उपयोग नाही.

आता सिम्युलेटर. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये फोर्स फीडबॅकची सोय आतच आहे. ऑप्शन्समधल्या 'मिस्क' पानावर त्याची चौकट असते, तिच्यावर खूण करा. मग कंट्रोल्सच्या पानावर आपल्या स्टिकचा रकाना निवडला की 'एफएफ ट्यून' हे बटण मिळतं. ते लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागणार आहे. आयएल-२ या सिम्युलेटर मालिकेतही ही सोय आतच आहे. एक्स-प्लेन १२ आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मात्र स्वतःहून स्टिकला जोर पाठवत नाहीत. तिथे मध्ये एक पूरक सॉफ्टवेअर लागतं. ते सिम्युलेटरकडून वेग, ट्रिम, एलेव्हेटर यांची माहिती घेतं आणि जोर स्वतः मोजून स्टिककडे पाठवतं. ऱ्हायनोसाठी टेलेमएफएफबी आहे, ब्रुनरचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे, जुन्या साइडवाइंडरसाठी एक्सपीफोर्स वापरणारे बरेच आहेत.

एका वेळी स्टिकला जोर पाठवणारा एकच असू द्या. डायरेक्टइनपुटमध्ये फोर्स फीडबॅक वापरणाऱ्या प्रोग्रॅमला यंत्राचा एकहाती ताबा लागतो. सिम्युलेटरची सोय आणि पूरक सॉफ्टवेअर दोन्ही चालू ठेवलीत तर कधी स्टिक लुळी पडते, कधी दोन मालकांच्या बैलासारखी दोन्हीकडे ओढली जाते.

यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात, आणि सगळ्यात जास्त त्रासही तिच्यामुळेच होतो. पिच (नाक वर-खाली) आणि रोल (पंख डावी-उजवीकडे) यांच्या अक्षांवरचा डेडझोन, म्हणजे मध्याजवळ स्टिक हलवूनही काही न होणारा भाग, शून्य करा आणि प्रतिसादाचा वक्र काढून टाका, सरळ रेषा ठेवा. स्प्रिंगच्या स्टिकवर मध्याजवळची संवेदना कमी करायला वक्र लावायची सवय असते. इथे तो वक्र घात करतो. समजा सिम्युलेटरच्या हिशोबाने ट्रिमची जागा मध्यापासून २० टक्के मागे आहे. मोटर स्टिकला तिथे नेऊन ठेवते. पण वक्रामुळे तीच जागा सिम्युलेटरला १० टक्के म्हणून वाचली जाते. हात सोडला की नाक खाली जातं, आणि तुम्ही ट्रिमला दोष देत बसता.

जोर सुरुवातीला अर्ध्याच्या आसपास ठेवा. फार कडक स्टिकवर बोटांना बारीक फरक कळत नाहीत. फार सैल ठेवली तर वेगळीच अडचण येते: मूठ जड असेल तर ती स्वतःच्या वजनाने एका बाजूला कलते आणि विसाव्याच्या जागेवर थांबतच नाही. सॉफ्टवेअरमध्ये डॅम्पर म्हणजे हालचालीला विरोध करणारा जोर असेल तर तो थोडासा लावा. तो नसला की हात सोडल्यावर दमदार स्टिक मध्याभोवती घड्याळाच्या लंबकासारखी हेलकावते, विमानही तिच्याबरोबर डुलतं, आणि ट्रिम बरोबर असूनही चुकल्यासारखं वाटतं.

ट्रिमसाठी स्टिकवरचं चार दिशांचं हॅट बटण सगळ्यात सोयीचं. कारण ट्रिम करताना मूठ सोडायची नसते. वर ढकललं की नाक खाली, खाली ओढलं की नाक वर, अशी मांडणी करा. स्टिकचीही दिशा तीच आहे.

जमिनीवरची परीक्षा

विमान धावपट्टीवर उभं ठेवा आणि नाक वर करणारं ट्रिम दाबून धरा. स्टिक तुमच्याकडे, म्हणजे मागे सरकायला हवी. पुढे गेली तर अक्ष उलटा आहे. डावी-उजवीकडे गेली तर पिच आणि रोलची अदलाबदल झाली आहे. डीसीएसमध्ये या दोन्हींची दुरुस्ती त्याच 'एफएफ ट्यून'मध्ये होते: एक खूण अक्ष उलटवते, दुसरी अदलाबदल करते. पूरक सॉफ्टवेअर जोर वेगानुसार कमी-जास्त करत असेल तर उभ्या विमानात स्टिक सैलच राहील. मग ही परीक्षा हवेत घ्या.

दुसरी परीक्षा हवेतच घ्यावी लागते, आणि ती मला फार आवडते. सेस्नासारखं विमान सरळ, समतल उडवा. स्टिक मुठीत घट्ट धरा, जराही हलू देऊ नका, आणि ट्रिमचं बटण तीन-चार वेळा टिचकवा. जोडणी बरोबर असेल तर नाक जवळजवळ जागेवरच राहतं. वाढतो तो हातावरचा जोर. आता मूठ हळूच सैल करा. स्टिक सरकेल आणि मग नाक हलेल. याउलट, मूठ घट्ट असतानाही बटण दाबताच नाक उचललं गेलं तर समजा की ट्रिम दोनदा मोजलं जातंय: एकदा सिम्युलेटर आपल्या जुन्या पद्धतीने मिळवतोय, आणि मूठ सैल केल्यावर स्टिक सरकून पुन्हा तेवढंच मिळवेल. पूरक सॉफ्टवेअरमध्ये हा दुहेरी हिशोब टाळायची सोय शोधा. बहुतेक वेळा ती ट्रिम किंवा एलेव्हेटरच्या विभागात असते.

पहिलं उड्डाण

सेस्ना १७२ घ्या. ३,००० फुटांवर, शांत हवेत, इंजिन साधारण २,३०० आरपीएमवर. वेग १०० नॉटच्या आसपास स्थिर होईल. स्टिक मुठीत आवळू नका. अंगठा आणि दोन बोटं पुरेत, कोपर टेकवलेलं असू द्या. पेन धरल्यासारखी धरा. आवळलेल्या मुठीला जोर कळत नाही, आणि इथे सगळं काम जोर कळण्यावरच चालतं.

आता इंजिन ३०० आरपीएमने कमी करा आणि उंची तशीच राखा. वेग उतरेल, नाक खाली जाऊ पाहील, तुम्ही स्टिक मागे घ्याल. बोटांवर पुढे ओढणारा जोर जाणवू लागेल आणि तो हळूहळू वाढेल. ट्रिमला अजून हात लावू नका. नवशिक्यांचं चुकतं ते नेमकं इथे: वेग अजून उतरत असतानाच ट्रिम सुरू करतात, आणि प्रत्येक टिचकीनंतर विमान नवं काहीतरी मागतं. वेगाचा काटा थांबू द्या. अर्धा मिनिट सहज जातो. तेवढा वेळ ओझं हातावर पेला.

काटा थांबला, उंची राहिली, हातावर एकसारखा जोर आहे. आता स्टिक आहे तिथेच ठेवून नाक वर करणारं ट्रिम टिचकवत जा. बोटांवरचा जोर ओसरत जाईल. नाक हलायला नको, कारण हात हललेला नाही. जोर शून्य झाला की थांबा. जास्त झालं तर स्टिक उलट तुमच्याकडे ढकलायला लागेल. मग एक टिचकी मागे या. शेवटी बोटं हळूच उघडा.

स्टिक मध्याच्या मागे, वाकडी, एकटीच उभी राहिलेली दिसेल आणि विमान सरळ चाललेलं असेल. पहिल्यांदा बघताना हे जरा भुताटकीसारखं वाटतं.

ट्रिम खरंच जमलं का, हे तपासायचं असेल तर स्टिकला मागे हलकासा झटका देऊन सोडून द्या. नाक वर जाईल, वेग उतरेल, मग नाक खाली येईल, वेग वाढेल, पुन्हा वर. अशा लांबलचक, संथ लाटा येतील आणि हळूहळू विरतील. विरल्यावर वेगाचा काटा साधारण जुन्याच आकड्यावर येतो. यावरून एक गोष्ट लक्षात येईल: ट्रिम वेग धरून ठेवतं, उंची नाही. आता इंजिनाचा जोर वाढवा आणि हात लावू नका. वेग फारसा वाढणार नाही, विमान चढायला लागेल. उंची इंजिनावर, वेग ट्रिमवर, हे वाचून पटत नाही. वाकड्या उभ्या राहिलेल्या स्टिककडे बघत थ्रॉटल पुढे-मागे केला की लगेच पटतं.

फ्लॅपची गंमत वेगळी. सेस्ना १७२ मध्ये फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या, सोडले की नाक वर उचललं जातं, त्यामुळे आधी स्टिक पुढे दाबावी लागते. क्रम तोच ठेवा: आधी हाताने नाक हवं तिथे धरा, मग इंजिन, मग काटा थांबेपर्यंत वाट, आणि शेवटी ट्रिम.

हे जमलं की मुद्दाम एक अडचण ओढवून घ्या. चांगल्या उंचीवर जा, पूर्ण फ्लॅप, ६५ नॉट, उतरतीच्या वाटेवर असल्यासारखं ट्रिम करा. आता एकदम पूर्ण थ्रॉटल द्या, जणू उतरणं रद्द करून पुन्हा चढायचं आहे. स्टिक मागच्या जागेलाच चिकटून राहील आणि नाक झपाट्याने वर जाईल. ते खाली ठेवायला पुढे चांगलाच जोर लावावा लागेल. हाताने रोखलं नाही तर वेग संपून विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते. खऱ्या प्रशिक्षणातही या स्टॉलचा इशारा वेगळा दिला जातो. स्प्रिंगच्या स्टिकवर हा प्रसंग शिकवता येत नाही, कारण तिथे हात ढकलतोय ते नेहमीच्याच मध्याविरुद्ध. इथे मात्र मनगटाला कळतं की आपण दोन मिनिटांपूर्वी स्वतःच लावलेल्या ट्रिमशी झगडतोय. स्टिक पुढे दाबून धरा आणि त्याच वेळी नाक खाली करणारं ट्रिम द्या. इथे मात्र काटा थांबायची वाट बघायची नाही. पाच-सहा वेळा करा.

हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टर उडवणार असाल तर फोर्स फीडबॅकचे पैसे इथेच वसूल होतात. डीसीएसमधल्या यूएच-१एच ह्युईचं उदाहरण घ्या. सायक्लिकवर, म्हणजे हेलिकॉप्टर पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे कलवणाऱ्या दांड्यावर, फोर्स ट्रिमचं बटण असतं. ते दाबलं की सायक्लिक धरून ठेवणारा चुंबकी ब्रेक सुटतो आणि दांडा मोकळा होतो. हव्या त्या जागी नेऊन बटण सोडलं की तो तिथेच धरला जातो. फोर्स फीडबॅक स्टिक हुबेहूब हेच करते: बटण दाबताच जोर जातो, सोडताच त्या जागेभोवती नवी स्प्रिंग तयार होते.

स्प्रिंगच्या स्टिकवाल्यांना बटण सोडल्यावर क्षणार्धात स्टिक मध्यावर आणावी लागते. त्यांच्या सोयीसाठी खास पर्यायही दिलेला असतो: स्टिक मध्यावर परत येईपर्यंत सिम्युलेटर तिच्याकडे दुर्लक्ष करतो. तुमच्याकडे तो पर्याय चालू राहिला तर मोठा घोटाळा होतो. तुमची स्टिक मध्यावर परत येणारच नसते, आणि हेलिकॉप्टर तुमचं ऐकणं सोडून देतं. म्हणून प्रत्येक हेलिकॉप्टरच्या खास पर्यायांत जाऊन ट्रिमरची पद्धत बघा. स्प्रिंग नसलेल्या स्टिकसाठी आणि फोर्स फीडबॅकसाठी जो पर्याय लिहिलेला असेल तो निवडा. पायातले पेडल मात्र साध्या स्प्रिंगचेच असतील. ट्रिमरच्या बटणाबरोबर पेडलही ट्रिम होत असतील तर पाय सोडल्यावर शेपूट झटका देते. पेडलसाठी वेगळी नोंद असेल तर तिथे मध्यावर परत येण्याचा पर्याय ठेवा.

अडलं तर

सिम्युलेटर सोडून दुसऱ्या खिडकीत जाऊन आलात आणि स्टिक लुळी पडली, तर एकहाती ताबा सुटला आहे. बऱ्याचदा उड्डाण थांबवून पुन्हा सुरू केलं की जोर परत येतो.

साइडवाइंडर फोर्स फीडबॅक २ च्या मुठीत हात ओळखणारा सेन्सर आहे. हात काढला की मोटर बंद होते. सुरक्षिततेसाठी चांगलं, ट्रिमसाठी वाईट. तुम्ही छान ट्रिम करता, बोटं उघडता, स्टिक कोसळते आणि विमान नाक खुपसतं. हे बघून मी पहिल्या दिवशी तासभर सेटिंग उलटीपालटी करत बसलो होतो. उपाय: सेन्सरवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा. खेळून झालं की स्टिकची वीज बंद करायची, एवढी सवय मात्र लावून घ्या. आणि मोटर तापेल म्हणून घाबरू नका. स्टिक विसाव्याच्या जागी असते तेव्हा मोटरला काही ओढायचंच नसतं. ट्रिम न करता तासभर स्टिक दाबून धरली, तर ती तापते.

एफ-१६ किंवा एअरबस ए३२० मध्ये ट्रिमबरोबर स्टिक सरकली नाही तर बिघाड शोधू नका. एफ-१६ ची खरी स्टिक मुळात जेमतेमच हलते आणि ए३२० च्या साइडस्टिकमध्ये नुसती स्प्रिंग असते. पिच ट्रिम संगणक सांभाळतो. याउलट एफ-८६ सारख्या जुन्या जेटमध्ये शेपटीचा जोर हायड्रॉलिक्सवर असला तरी पायलटच्या हातासाठी कृत्रिम स्प्रिंग बसवलेली असते. ट्रिम तिचाच मध्य सरकवतं, त्यामुळे तिथे फोर्स फीडबॅक अगदी चपखल बसतं.

बीएफ १०९ ची तऱ्हा आणखी निराळी. तिथे चाक फिरवलं की छोटी पट्टी नाही, आडवा शेपूट-पंखच कलतो. त्यामुळे मघाची घट्ट मुठीची परीक्षा इथे लागू पडत नाही. स्टिक जागेवर धरली तरी नाक हलणारच, आणि ते बरोबरच आहे. रोल आणि रडरचं (शेपटीवरच्या उभ्या, पेडलने हलणाऱ्या फळीचं) ट्रिम हवेत बदलायची सोयच त्यात नाही. पी-५१ मध्ये तिन्ही दिशांना ट्रिम आहे, पण रडरच्या ट्रिममध्ये तुमची स्टिक काही मदत करू शकत नाही. तिथे पाय पेडलवर सरळ ठेवा, घसरण दाखवणाऱ्या नळीतला चेंडू मधल्या दोन रेषांत येईपर्यंत रडर ट्रिम फिरवा, आणि वेग बदलला की पुन्हा फिरवा.